सेप्टिक टाकी : पाणी, गाळ व वायू

शौचालयाच्या सेप्टिक टाकीत मैला नाहीसा होतो, असा समज खेडोपाडी दृढ आहे. वस्तुतः जड भाग तळाशी बसतो. हवेवाचून जगणारे सूक्ष्म जंतू त्याचा काही अंश कुजवितात, उरलेला गाळ साचतच राहतो. बाहेर पडणारे पाणी निवळ भासले तरी रोगजंतूंनी युक्त असते. ते उघड्या गटारात न सोडता, विहिरीपासून दूर खणलेल्या शोषखड्ड्यात मुरवावे.

गाळ सामान्यतः २-३ वर्षांनी उपसावा लागतो, तो यंत्रानेच. टाकीत कोणासही उतरवू नये. गाळ ढवळताच हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो. त्याचे प्रमाण वाढले की वासच येईनासा होतो, आणि येथेच माणूस फसतो; त्यास काढावयास उतरलेला दुसराही पुष्कळदा प्राणास मुकतो.

संरक्षक साधनांवाचून अशी धोकादायक सफाई करविणे २०१३ च्या केंद्रीय कायद्यान्वये अपराध आहे. पहिल्याच अपराधास २ वर्षांपर्यंत कारावास, २ लक्ष रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. काम ठेक्याने दिले, ही सबब चालत नाही. कायद्यात ‘अप्रत्यक्षपणे’ नेमणेही निषिद्ध आहे. शाळेची टाकी भरत आल्यास शिक्षकांनी उपसा करणाऱ्या गाडीची मागणी ग्रामपंचायतीकडे लेखी नोंदवावी. झाकण फुटले असल्यास मात्र पत्राच्या उत्तराची वाट न पाहता त्याच दिवशी ती जागा मुलांसाठी बंद करावी.