पाचोडचा संध्याकाळचा तास

छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पैठण तालुक्यात वसलेले पाचोड हे गाव मराठवाड्यात मोसंबीच्या बाजारासाठी ओळखले जाते. किशोरवयीन मुलींच्या प्रश्नांचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र ते तेथील ‘इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट’ या संस्थेमुळे परिचित आहे. डॉ. अशोक दयालचंद यांच्या नेतृत्वाखाली ग्रामीण आरोग्याचे काम करणाऱ्या या संस्थेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस आसपासच्या खेड्यांतील अविवाहित मुलींसाठी वर्षभराचा एक वर्ग सुरू केला. त्याच गावातील थोडीफार शिकलेली स्त्री मुलींना रोज संध्याकाळी तासभर एकत्र बसवते आणि शिकवते, एवढेच त्याचे बाह्य रूप होते. मुलींना हक्काची जागा आणि हक्काची मार्गदर्शिका मिळवून देणारे उपक्रम आज देशभर चालतात. त्यांच्यात पाचोडच्या या वर्गाचे स्थान वेगळे आहे, कारण त्याचा परिणाम लग्नाच्या वयावर काय झाला हे मोजून पाहण्यात आले आणि तो परिणाम ठळक निघाला.

आरोग्याचे काम करणारी संस्था या विषयाकडे का वळली, हे समजून घेण्यासाठी मुलीच्या आयुष्यातील एका रिकाम्या कालखंडाकडे पाहावे लागते. जन्मापासून सहा वर्षांपर्यंत मूल अंगणवाडीच्या नोंदवहीत असते, त्यानंतर शाळेच्या हजेरीपटावर येते आणि पुढे लग्न होऊन दिवस राहिले की तीच मुलगी ‘गरोदर माता’ म्हणून आरोग्यसेविकेच्या नोंदीत दाखल होते. परंतु शाळा सुटल्यापासून लग्न होईपर्यंतच्या वर्षांत ती शासनाच्या जवळजवळ कोणत्याच यादीत नसे. पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्न, वर्ष-दीड वर्षात पहिले बाळंतपण, अंगात रक्त कमी आणि बाळाचे वजनही कमी, अशी साखळी एकदा सुरू झाली की आरोग्य केंद्राच्या हाती फार थोडे उरते. बाळंतपण सुरक्षित करायचे असेल तर त्याच्या आधीच्या पाच-सहा वर्षांत मुलीपर्यंत पोहोचले पाहिजे, हा विचार या कामाच्या मुळाशी आहे.

ही साखळी केवळ अज्ञानातून सुरू होते असे मानणे अन्यायाचे ठरेल. मराठवाड्याच्या कोरडवाहू भागातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या परिसरात जातात. तेथे नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’ असा मजुरीचा हिशोब असतो, आणि मुकादमाकडून मिळणारी उचल, म्हणजे हंगामापूर्वी हातात पडणारी आगाऊ रक्कम, या कोयत्यावरच ठरते. साहजिकच मुलाचे लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो. दुसरीकडे, वयात आलेली मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची ही चिंता आईवडिलांना सतावते, आणि तिला सोबत न्यावे तर फडावरच्या पालात तिच्या सुरक्षिततेची हमी कोणीच देत नाही. त्यात मुलीचे वय आणि शिक्षण वाढले की हुंड्याचा आकडाही वाढतो. माध्यमिक शाळा दुसऱ्या गावी असल्यास सातवीनंतर तिचे नाव पटावरून गळते आणि मग घरकाम, शेतमजुरी, धाकट्या भावंडांची राखण यांत तिचे दिवस जातात. अशा घराला मुलीचे लवकर लग्न हा गुन्हा न वाटता सुटका वाटते, आणि ही गोष्ट मान्य केल्याशिवाय कोणताही उपक्रम त्या घराच्या उंबऱ्याच्या आत जाऊ शकत नाही.

कायदा या परिस्थितीच्या नेहमीच पुढे राहिला. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने, म्हणजे सारडा कायद्याने, मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवले. १९७८ मध्ये ते अठरा झाले. आणि २००६ च्या बालविवाह प्रतिबंध अधिनियमाने शिक्षा व यंत्रणा अधिक कडक केली. तरीही पाचोडच्या कार्यक्षेत्रात १९९७ मध्ये होणाऱ्या मुलींच्या लग्नांपैकी ८०.७ टक्के लग्ने वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच होत होती. तेव्हा अठराचा नियम कायद्यात येऊन जवळजवळ दोन दशके लोटली होती.

वर्गाचा पहिला प्रयोग १९९८-९९ मध्ये सतरा गावांत झाला. बारा ते अठरा वर्षे वयाच्या अविवाहित मुलींसाठी तो खुला होता, पण भर शाळा सुटलेल्या आणि मजुरीला जाणाऱ्या मुलींवर होता, आणि म्हणूनच संध्याकाळची वेळ निवडण्यात आली. आठवड्याचे पाच दिवस, रोज एक तास, असे वर्षभरात २२५ तास या वर्गासाठी आखलेले होते. अभ्यासक्रमाचे पाच भाग होते: सामाजिक प्रश्न व संस्था, स्थानिक स्वराज्य संस्था, जीवनकौशल्ये, बालकांचे आरोग्य व पोषण, आणि स्वतःचे आरोग्य. ‘जीवनकौशल्ये’ ही संज्ञा जागतिक आरोग्य संघटनेने त्याच दशकात रूढ केली. निर्णय घेणे, अडचणीतून वाट काढणे, आपले म्हणणे नीट मांडणे, भावनांना आवर घालणे अशा दहा क्षमतांचा तिच्यात समावेश होतो. ग्रामपंचायतीसारखा विषय मुलींच्या वर्गात असावा, ही या आखणीतील विशेष दाद देण्याजोगी बाब होय. ग्रामसभा कधी भरते, दाखला कोण देतो, तक्रार कोठे करायची हे ज्या मुलीला ठाऊक असते, तिला गाव हे केवळ वडीलधाऱ्यांचे क्षेत्र वाटत नाही, आणि स्वतःविषयी बोलण्याआधी सार्वजनिक गोष्टींविषयी बोलण्याचा सराव तिच्या जिभेला होतो.

तथापि, या रचनेतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय अभ्यासक्रमाचा नसून शिकवणारीच्या निवडीचा होता. किमान सातवी शिकलेल्या, त्याच गावात राहणाऱ्या स्त्रिया निवडून संस्थेने त्यांना प्रशिक्षण दिले. शहरातून आलेली पदवीधर कार्यकर्ती कदाचित अधिक सफाईने शिकवू शकली असती; पण ती संध्याकाळच्या बसने परत गेली असती. गावातली ताई मात्र वर्ग सुटल्यानंतरही गावातच असते: ती पाणवठ्यावर भेटते, हळदीकुंकवाला भेटते, आणि एखादी मुलगी दोन दिवस वर्गाला आली नाही तर तिच्या आईला सहज विचारू शकते. घरात स्थळाची बोलणी सुरू झाल्याची बातमीही तिच्यापर्यंत इतर कोणाहीपेक्षा आधी पोहोचते. मार्गदर्शन या शब्दाचा खरा अर्थ अशा जवळिकीतच आहे. मुलीचे आयुष्य जिला रोज दिसते अशी, आईहून वेगळी आणि तरीही परकी नसलेली प्रौढ स्त्री तिच्या बाजूला असणे, हा त्याचा गाभा होय. याचा लाभ शिकवणाऱ्या स्त्रीलाही होतो, कारण सातवीवर शिक्षण थांबलेल्या सुनेला गावात ‘बाई’ म्हणून मान मिळणे ही तिच्या दृष्टीनेही लहान गोष्ट नसते.

पालकांना या कामात आरंभापासून सामील करून घेण्यात आले होते, आणि कार्यक्रमाच्या यशात त्याचा वाटा मोठा मानावा लागेल. वयात आलेल्या मुलीने संध्याकाळी घराबाहेर तासभर बसायचे, हीच मुळात पालकांकडून मिळवावी लागणारी परवानगी असते. ती एकदा मिळाली आणि रोज पाळली गेली की तिचा अर्थ हळूहळू बदलतो: मुलगी काहीतरी शिकते आहे, तिचे एक काम चालू आहे, ते पुरे व्हायचे आहे, असे घर आणि शेजार दोन्ही म्हणू लागतात. स्थळ आणणाऱ्या नातेवाइकाला नकार देणे ज्या बापाला अवघड जाते, त्याला ‘वर्ग पूर्ण होऊ द्या’ हे सांगण्याजोगे कारण सापडते.

परिणामांचे मूल्यमापन संस्थेने ‘इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन’ या संशोधन संस्थेच्या सहकार्याने केले. त्यासाठी वर्ग चालणारी गावे आणि वर्ग नसलेली, पण तशाच परिस्थितीची गावे, ज्यांना तुलना-क्षेत्र म्हणतात, यांची आकडेवारी शेजारी ठेवण्यात आली. कार्यक्रमाच्या क्षेत्रात अठराच्या आत होणाऱ्या लग्नांचे प्रमाण १९९७ मधील ८०.७ टक्क्यांवरून २००१ पर्यंत ६१.८ टक्क्यांवर आले. लग्नाच्या वयाचा मध्यक, म्हणजे निम्म्या मुलींची लग्ने ज्या वयाच्या आधी आणि निम्म्यांची नंतर होतात ते वय, सोळावरून सतरा झाला. तुलना-क्षेत्रातील मुलींचे लग्न अठराच्या आत होण्याची शक्यता वर्गातील मुलींच्या चौपट आढळली. एक वर्ष ही वाढ कागदावर अल्प दिसते. परंतु सोळाव्या आणि सतराव्या वर्षाच्या दरम्यान मुलीच्या शरीरात आणि घरातल्या तिच्या शब्दाच्या वजनात जो फरक पडतो, तो पाहता तिला अल्प म्हणता येणार नाही. त्याच वेळी हेही लक्षात ठेवले पाहिजे की पाचपैकी तीन लग्ने तेव्हाही बेकायदेशीर वयातच होत होती. हुंडा, ऊसतोड आणि शाळेचे अंतर या गोष्टी कोणत्याही वर्गाच्या आवाक्याबाहेरच्या आहेत.

पुढे शासनानेही ही दिशा स्वीकारली. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘सबला’ योजनेत देशातील दोनशे जिल्ह्यांत अंगणवाडीच्या आधाराने किशोरी समूह स्थापण्याची तरतूद होती. पंधरा ते पंचवीस मुलींचा एक समूह, त्यात एक सखी आणि दोन सहेली अशी त्यांतल्याच मुलींची निवड, आणि पूरक आहारातून रोज ६०० उष्मांक, अशी तिची आखणी होती. २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने समवयस्क मार्गदर्शकांची कल्पना आरोग्य विभागात आणली. या योजनांचा विस्तार मोठा होता आणि मुलींच्या ताटात त्यामुळे पडलेला घास मोलाचाच होता. तथापि पाचोडच्या वर्गाचे बळ ज्या रोजच्या तासात आणि त्या तासासाठी खास नेमलेल्या स्त्रीत होते, ते एवढ्या विस्तारात टिकवणे कठीण असते. पूर्वप्राथमिक शिक्षण, पोषण आहार, वजन-उंचीच्या नोंदी आणि सर्वेक्षणे यांनी आधीच दबलेल्या अंगणवाडी सेविकेकडे मुलींचा समूहही सोपवला की तो कामाच्या यादीतील आणखी एक रकाना होण्याचा धोका राहतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९-२१ या काळात, महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते; बीड आणि परभणी या जिल्ह्यांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक होते. ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंध अधिकाऱ्याची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे आणि १०९८ हा मदतीचा क्रमांकही उपलब्ध आहे; पण ही व्यवस्था लग्नाचा मांडव पडण्याच्या बेतात असताना जागी होते. तिच्या कितीतरी आधी मुलीच्या बाजूने कोणीतरी असावे यासाठी ऊसतोडीच्या पट्ट्यातील प्रत्येक गावात एका स्त्रीला रोजच्या एका तासाचे योग्य मानधन देणे आणि दिवेलागणीनंतरही मुलींना बसता येईल अशी उजेडाची एक खोली ग्रामपंचायतीने राखून ठेवणे राज्याला परवडण्याजोगे आहे, आणि जिल्हा परिषदांनी त्याची तरतूद आपल्या अंदाजपत्रकात करावी.