पायथनचा मॅक्स: समज आणि वस्तुस्थिती

महाड औद्योगिक वसाहतीत कमाल आकड्यावर बरेच काही ठरते. पावसाचेच पाहा: सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि इथे तिला गांधारी मिळते. 22 जुलै 2021 च्या महापुरात महाड बुडाले, त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, आणि 23 जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत वर महाबळेश्वरला 594.4 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांतही रिअॅक्टरचे तापमान, सांडपाण्याचा सामू, सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) यांचे आकडे रोज साठतात. हल्ली हे आकडे चाळायला तरुण अभियंते आणि विद्यार्थी पायथन वापरतात, आणि सर्वांत मोठा आकडा काढायचा म्हटले की मॅक्स हे फंक्शन हाताशी असतेच. त्याच्याबद्दलचा मुख्य गैरसमज असा की मॅक्सला ‘मोठे’ म्हणजे काय हे कळते. वस्तुस्थिती वेगळी आहे. मॅक्स पहिली नोंद हातात धरतो, पुढची प्रत्येक नोंद ‘हिच्यापेक्षा मोठी आहे का’ एवढेच विचारतो आणि होय उत्तर आले तरच हातातली बदलतो. मोठेपणाची कसोटी त्याची नसते. ती आपण दिलेल्या नोंदींच्या प्रकारातून येते, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

सीएसव्ही फाइल पायथनच्या साध्या वाचकाने उघडली तर त्यातले आकडे मजकूर म्हणून येतात, आणि मजकुराची तुलना शब्दकोशासारखी डावीकडून एकेका अक्षराने होते. उदाहरणार्थ, 26 जुलै 2005 च्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम 73.4. कुलाब्याचा हा आकडा आणि महाबळेश्वरचा 594.4 मजकूर म्हणून मॅक्सला दिले, तर तो 73.4 मोठा ठरवतो, कारण 7 हा अंक 5 च्या पुढे आहे. त्यात सांताक्रूझचा 944 घातला की उत्तर 944 येते, म्हणजे बरोबर येते. मला ही दुसरी अवस्था जास्त घातक वाटते. चाचणीच्या चार आकड्यांवर योगायोगाने बरोबर आलेले उत्तर पाहून लिहिणारा निर्धास्त होतो आणि चूक पुढे ऐन पावसाळ्यात बाहेर येते. प्रयोगशाळेच्या अहवालात तर आकड्यांच्या रांगेतच ‘बीडीएल’ लिहिलेले असते. घटक इतका कमी की उपकरणाला सापडला नाही, असा त्याचा अर्थ. सगळा रकाना मजकूर असेल तर मॅक्स नेमके हेच सर्वांत मोठे म्हणून परत करतो, कारण क्रमवारीत अक्षरे अंकांच्या नंतर येतात. सर्वांत कमी प्रदूषण असलेला नमुना असा यादीत पहिला येतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो: चुकीचा माल दिला तर पायथन स्वतःच ओरडतो. अर्धे खरे आहे. आकडे आणि मजकूर एकत्र आले की पायथन 3 टाइपएरर देतो. रिकाम्या यादीवर व्हॅल्यूएरर येतो. पण वरच्या दोन्ही उदाहरणांत तो गप्प राहतो. स्थानके आणि पाऊस यांची डिक्शनरी थेट मॅक्सला दिली तरी तो गप्पच असतो आणि पावसाकडे न बघता नावांची तुलना करतो. महाड, पोलादपूर, महाबळेश्वर, माणगाव यांत उत्तर माणगाव येईल, मग पाऊस कुठेही पडो. पावसावरून स्थानक हवे असेल तर ‘की’ या पर्यायात ती कसोटी सांगावी लागते.

हा ‘की’ पर्याय अनेकांना निव्वळ सोय वाटतो. मला तो मॅक्सचा गाभा वाटतो. सांडपाण्याच्या सामूची सर्वसाधारण मर्यादा 5.5 ते 9 आहे. नोंदी 4.8, 7.2 आणि 8.6 असतील तर साधा मॅक्स 8.6 देतो, जो मर्यादेत आहे, आणि मर्यादा मोडणारा 4.8 नजरेआड होतो. ‘7 पासूनचे अंतर’ ही कसोटी ‘की’मध्ये दिली की 4.8 हातात येतो. परत मिळते ती मूळ नोंद, अंतर नव्हे, हेही लक्षात घ्यावे. आणि दोन नोंदी बरोबरीच्या असतील तर मॅक्स फक्त पहिली देतो.

सर्वांत अवघड प्रश्न गहाळ नोंदींचा आहे. मोजमाप नाही हे दाखवायला नॅन वापरतात, आणि नॅनशी केलेली ‘मोठे का’ ही तुलना नेहमी खोटी ठरते. म्हणून नॅन यादीत पहिला असेल तर मॅक्सचे उत्तर नॅन, नंतर कुठेही असेल तर तो नुसता वगळला जातो. त्याच नोंदी, क्रम बदलला की उत्तर बदलते. पायथनची पांडाज ही लायब्ररी वापरा, प्रश्न सुटतो, असे सांगितले जाते. पांडाज नॅन वगळतो हे खरे, आणि नमपाय ही दुसरी लायब्ररी उलट नॅनच परत करते. पण पुरात पर्जन्यमापक बुडाला तर गहाळ होणारी नोंद बहुधा सर्वांत मोठ्या दिवसाचीच असते. ती मुकाट्याने वगळून आलेली कमाल दिसायला स्वच्छ, पण खरी नाही. रिकाम्या यादीसाठी ‘डीफॉल्ट’मध्ये 0 ठेवण्याची सवयही अशीच वाईट. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजलाच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यादी क्रमाने लावून शेवटची नोंद घेतली तर काय बिघडते, असेही विचारतात. छोट्या यादीत काहीच नाही. मात्र मॅक्सला एकच फेरी पुरते आणि एका वेळी एकच नोंद लक्षात ठेवावी लागते. दर सेकंदाला आकडा देणाऱ्या सेन्सरसाठी हा फरक मोठा आहे. मजकुराचा आणि नॅनचा दोष क्रमवारीने जात नाही.

तेव्हा अहवालात कमाल आकडा लिहाल, तिथे शेजारी तीन गोष्टी जरूर लिहा: एकूण नोंदी किती, त्यांतल्या गहाळ किती, आणि मोठेपणा कोणत्या कसोटीवर ठरवला.