लेखांक ११ : नावेतली १३५

लेन्समधल्या बुरशीचा विषय या आठवड्याला ठरला होता. तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो. जबलपूरच्या राइट टाउनमधल्या एका वाचकांचं पत्र आलं आहे, आणि त्यांनी विचारलेली गोष्ट माझ्या इतकी जिव्हाळ्याची आहे की आधी तिचंच उत्तर द्यायला हवं. त्यांचे आजोबा गन कॅरेज फॅक्टरीत होते. त्यांचा झोर्की-४ कॅमेरा आता नातवाकडे आला आहे. वर ज्युपिटर-८ लेन्स आहे, म्हणजे ५० मिमी, एफ/२. शटर नीट चालतं. ओळखीच्या एका दुकानदाराकडे याच आट्याची ज्युपिटर-११ आली आहे, १३५ मिमी, एफ/४. मागच्या लेखात मी दोन लेन्सवर भागवा म्हणालो होतो, तर दुसरी हीच का असू नये, भेडाघाटला लांबची लेन्स लागणारच ना, असं ते विचारतात.

घेऊ नका. स्वस्तात मिळाली तरी नको.

आधी भेडाघाटचंच बघू. पंचवटी घाटावरून नाव निघते, नावाड्याची यमकं जुळवत चाललेली कॉमेंटरी सुरू होते, आणि थोड्याच वेळात दोन्ही बाजूंनी संगमरवराचे कडे चालून येतात. हे कडे साधारण शंभर फूट, म्हणजे तीसेक मीटर उंच आहेत. नदी तिथे चिंचोळी आहे. बंदर कूदनीपाशी तर समोरासमोरचे कडे इतके जवळ येतात की माकडं पूर्वी या काठावरून त्या काठावर उडी मारत, असं नावाडी सांगतात. अशा ठिकाणी लांबची लेन्स काय करील? कड्यापासून चाळीस मीटरवर नाव आहे असं धरा. १३५च्या चौकटीत त्या कड्याचा जेमतेम अकरा मीटर रुंद आणि सात मीटर उंच तुकडा येतो. पांढऱ्या दगडावरची एक राखाडी रेघ आणि एखादी कपार, एवढंच. हा कडा भेडाघाटचा आहे, हे फोटो बघणाऱ्याला कळणारसुद्धा नाही. त्याच जागेवरून ३५ मिमीची लेन्स एक्केचाळीस मीटर रुंद आणि सत्तावीस मीटर उंच दृश्य घेते.

आता कॅमेरा उभा धरा आणि अगदी सपाटीत ठेवा. वर तिरका केला की कडे मागे झुकल्यासारखे दिसतात. क्षितिजरेषा चौकटीच्या बरोबर मध्यावर येईल. वरच्या अर्ध्या भागात कडा, खालच्या अर्ध्यात नर्मदेतलं त्याचं प्रतिबिंब. भेडाघाटला जायचं ते या प्रतिबिंबासाठी. कडा माथ्यापर्यंत पुरा यायला ५० मिमीच्या लेन्सला सुमारे ८३ मीटर मागे जावं लागतं, ३५ला ५८, २८ला ४७. १३५ला सव्वादोनशे मीटर! नावाड्याला कितीही विनवलंत तरी त्या घळीत एवढी मागे सरकायला जागा मिळायची नाही.

धुवांधार धबधब्याला मात्र लांबची लेन्स चालली असती, असं कुणी म्हणेल. चालते, पण तिथे तुषार अंगावर येतात. कठड्याशी उभं राहून लेन्स बदलणं म्हणजे शटरच्या कापडी पडद्यावर पाणी घेणं. धुवांधारला जी लेन्स लावून गाडीतून उतराल, तीच परत गाडीत बसेपर्यंत राहू द्या. समोर साधा यूव्ही फिल्टर लावा आणि खिशात धुतलेला सुती रुमाल ठेवा.

हे झालं जागेचं. दुसरं कारण कॅमेऱ्याच्या पोटातलं आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

जबलपूरकरांना रेंजफाइंडरचं तत्त्व तसं समजावून सांगावं लागू नये. तोफखान्यात अंतर मोजायला जे रेंजफाइंडर असत, ते मीटरभर लांबीचे, दोन्ही टोकांना एकेक खिडकी. दोन खिडक्यांतून दिसणारी दोन चित्रं एकमेकांवर आणून बसवायची, आणि ती बसवायला जेवढा कोन फिरवावा लागला त्यावरून लक्ष्याचं अंतर काढायचं. खिडक्यांमधलं अंतर, म्हणजे पाया, जितका लांब तितकं मोजमाप अचूक. झोर्कीसारख्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यातही हीच रचना आहे, फक्त पाया बोटभर. झोर्की-४चा पाया ३८ मिमीचा आहे. दुसऱ्या एका सोव्हिएत कॅमेऱ्याचा, फेड-२चा, ६७. लायका एम-३चा ६९ च्या आसपास, आणि तिचा व्ह्यूफाइंडर वस्तू ०.९१ पट आकाराच्या दाखवतो, म्हणून हिशेबाला धरायचा पाया ६३.

आता लेन्सकडून मागणी किती येते ते पाहा. मी एक ठोकताळा वापरतो: फोकल लांबीचा वर्ग करायचा आणि त्याला एफ-आकड्याने भागायचं. ५० मिमी एफ/२ साठी १२५० येतात. ३५ मिमी एफ/२.८ साठी साडेचारशेही होत नाहीत. १३५ मिमी एफ/४ साठी साडेचार हजारांच्या वर जातात. म्हणजे ज्युपिटर-८ला जेवढं अचूक मोजमाप पुरतं, त्याच्या साडेतीन पटींहून अधिक अचूकपणा ज्युपिटर-११ मागते, आणि तोही त्याच ३८ मिमीच्या पायाकडून. ज्युपिटर-९, म्हणजे ८५ मिमी एफ/२, ग्वारीघाटच्या आरतीत चेहरे टिपायला फार जणांना हवीशी वाटते. तिचा हिशेबही छत्तीसशेच्या घरात जातो. दिव्यांच्या उजेडात अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवावं लागतं आणि फोकस डोळ्यांऐवजी कानावर बसतो. आरतीला ज्युपिटर-८च न्या आणि दोन पावलं पुढे व्हा. घाटाच्या पायऱ्यांवर त्यासाठी कुणी अडवत नाही.

हा हिशेब कारखानदारांनीही केला होता. लायका बनवणाऱ्या लाइट्झने मिनोल्टाबरोबर १९७३ मध्ये लायका सीएल हा लहानसा कॅमेरा काढला. त्याचा पाया साडेएकतीस मिमी, आणि व्ह्यूफाइंडर ०.६ पट, म्हणजे हिशेबाचे १९ मिमीसुद्धा नाहीत. त्याच्यासाठी खास दोनच लेन्स बाजारात आणल्या: ४० मिमी एफ/२ आणि ९० मिमी एफ/४. ९० एफ/२.८ करणं लाइट्झला काही अवघड नव्हतं, पण एवढ्याशा पायाला ती झेपली नसती. पुढे मिनोल्टाने सीएलई काढला, त्याचा संच २८, ४० आणि ९० असा होता. खिशात मावणारा संच जाणकार माणसांनी बसून ठरवला की तो नव्वदला थांबतो. माझ्या मनात संचाची कल्पना आहे ती अगदी हीच. ज्यांच्याकडे लायकाची एम बॉडी आहे त्यांनी ३५ आणि ९० घ्यावी, आणि ९० एफ/४ ची घ्यावी. हलकी असते, स्वस्त असते आणि फोकसला दगा देत नाही.

एम-६ वापरणारे म्हणतील, आमच्या व्ह्यूफाइंडरमध्ये १३५ची चौकट दिलेलीच आहे. आहे खरी. ३५ची लेन्स लावली की तिच्याबरोबर ती उगवते. पण तिचा आकार पाहा! त्या व्ह्यूफाइंडरमध्ये २८ची चौकट जेवढी जागा व्यापते, तिच्या तेविसाव्या हिश्शात १३५ची चौकट बसवलेली आहे. एवढ्याशा खिडकीत माणूस हसतोय की जांभई देतोय हेही कळत नाही. एम-३ मध्ये चौकट मोठी दिसते. तिथे १३५ निभावून नेता येते, हे मला मान्य आहे. लाइट्झला ही अडचण ठाऊक होती, म्हणून त्यांची १९६३ची एल्मारिट १३५ एफ/२.८ चष्मा लावून आली. तो चष्मा व्ह्यूफाइंडरसमोर बसून चित्र दीडपट करतो. लेन्स उत्तम आहे. पण ती गळ्यात अडकवून फिरायचं तर रेंजफाइंडर घेतलाच कशाला?

छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ १९४७-४८ मध्ये हिंदुस्थानात होता. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींच्या हत्येच्या काही वेळ आधी तो त्यांना भेटला होता, आणि नंतर अंत्ययात्राही त्याने टिपली. केवढा तो जनसमुदाय! अशा वेळी कुणाचाही हात लांबच्या लेन्सकडे गेला असता. त्याचं आयुष्यभराचं बहुतेक काम ५० मिमीवर झालेलं आहे. ती छायाचित्रं पाहताना मला नेहमी वाटतं की लेन्स लांब नसल्यामुळे त्याला गर्दीत शिरावं लागलं, आणि त्यामुळेच आपल्यालाही तिथे उभं राहिल्यासारखं वाटतं.

तेव्हा, राइट टाउनकर, तुमची दुसरी लेन्स ज्युपिटर-१२, ३५ मिमी, एफ/२.८. झाइसच्या बिओगॉनवर बेतलेली आहे. तिची मागची काच बाहेर फुगून आलेली असते, त्यामुळे काही बॉड्यांत ती बसत नाही. झोर्की-४ मध्ये बसते. लेन्स काढून ठेवताना मागचं खोल टोपण लावल्याशिवाय टेबलावर टेकवू नका, पहिला ओरखडा तिथेच येतो. आणि अॅपर्चरची कडी समोर, आतल्या बाजूला असते. फिल्टर लावल्यावर बोट पोचत नाही, म्हणून आकडा आधी ठरवा.

झोर्कीच्या व्ह्यूफाइंडरमध्ये चौकटीच नाहीत, तो फक्त ५०चं दृश्य दाखवतो. ३५साठी वरच्या खाचेत वेगळा फाइंडर लागेल. रशियन फिरता फाइंडर शोधा. त्याच्या चकतीवर २८, ३५, ५०, ८५ आणि १३५ असे पाच डोळे असतात. चकती फिरवून प्रत्येक डोळ्यातून आरपार बघा, एखाद्यात धुकं असेल तर किंमत कमी करायला सांगा. खिडकीशी उभं राहून १३५चा डोळाही लावून बघा. कड्याचा केवढा तुकडा हाती लागला असता ते दिसेल.

खरेदीच्या आधी बॉडी मात्र तपासा. रिवाइंडच्या बटणाभोवतीची दांडी फिरवून आधी डोळ्याचा नंबर जुळवा. मग गच्चीवरून मदन महालाच्या टेकडीवरचा किल्ला बघा. लेन्स अनंतावर असताना किल्ल्याच्या दोन प्रतिमा एकजीव व्हायला हव्यात. त्यानंतर फिल्मच्या पातळीपासून बरोबर एक मीटरवर वर्तमानपत्र टांगून तेच करा, आणि लेन्सवरचा आकडा एकवर येतो का ते पाहा. अनंताला बरोबर आणि जवळ चूक, असं निघालं तर बॉडीच्या आतल्या, लेन्सला टेकणाऱ्या बोटाचा कोन हललेला असतो. तो घरी वाकवू नका, कारागिराकडे द्या. आणि झोर्कीचा वेग बदलायचा तो शटर चढवल्यानंतरच, आधी कधीही नाही. आजोबांनी हे सांगितलं असेलच, तरी पुन्हा सांगून ठेवतो.