विनापरवाना वाहनचालन : दंड आणि दायित्व

सार्वजनिक ठिकाणी मोटार चालविणे हा भारतीय कायद्याच्या दृष्टीने स्वयंसिद्ध हक्क नसून पात्रता पारखून दिलेली अनुज्ञा होय. मोटारवाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३ चे सूत्र हेच आहे. या कलमाचा भंग झाल्यास शिक्षा कोणास व्हावी आणि अपघात घडल्यास भरपाई कोणी द्यावी, हे दोन प्रश्न पुष्कळदा एकच समजले जातात. वस्तुतः ते भिन्न आहेत.

प्रथम शिक्षेचा विचार करू. कलम १८१ अन्वये विनापरवाना चालकास तीन महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी दंडाची कमाल मर्यादा अवघी ५०० रुपये होती. अशा व्यक्तीच्या हाती वाहन देणारा मालकही कलम १८० प्रमाणे तितक्याच शिक्षेस पात्र ठरतो. चालक अल्पवयीन असल्यास कलम १९९-अ लागू होते. त्यात पालक किंवा मालक दोषी असल्याचे गृहीत धरले जाते व तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड सांगितला आहे. मात्र आपणास माहिती नव्हती, किंवा आपण योग्य ती दक्षता घेतली होती, हे सिद्ध करण्याची मुभा त्यांना आहे.

भरपाईचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. चालकाजवळ वैध परवाना नव्हता, हा बचाव विमा कंपनीस कायद्यानेच दिला आहे. तो शब्दशः मानल्यास ज्या पादचाऱ्याचा यात काहीच दोष नाही, तोच भरपाईस मुकेल. स्वर्णसिंग प्रकरणात (२००४) सर्वोच्च न्यायालयाने ही आपत्ती टाळली. परवान्याचा अभाव एवढेच कारण पुरेसे नाही. मालकाने वाजवी काळजी घेतली नाही, हे विमा कंपनीने सिद्ध केले पाहिजे. ते सिद्ध झाले तरी कंपनीने प्रथम भरपाई द्यावी व मागाहून मालकाकडून ती वसूल करावी, असा आदेश देता येतो. सुधीरकुमार राणा प्रकरणात (२००८) न्यायालयाने आणखी एक भेद स्पष्ट केला : जखमी चालकाजवळ परवाना नसणे म्हणजे अपघातास त्याचाही निष्काळजीपणा कारण झाला, असे नव्हे.

तात्पर्य, दंडाचे प्रयोजन नियमभंगास आळा घालणे हे आहे, तर सक्तीच्या विम्याचे प्रयोजन अपघातग्रस्तास आधार देणे हे आहे. पहिल्याची कठोरता दुसऱ्याच्या मुळावर येऊ नये, हाच या निर्णयांचा मथितार्थ होय.