डोळ्याला दिसलेला रोहित फोटोत का हरवतो?

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटलेली बोट रोहित पक्ष्यांच्या थव्याजवळ पोहोचली, की सगळ्यांचे मोबाइल एकदम वर होतात. परतीच्या वाटेवर मग एक तक्रार हमखास ऐकू येते: 'समोर एवढे मोठे दिसत होते, फोटोत नुसते ठिपके आलेत.' खापर मोबाइलवर फुटतं. पण या ठिपक्यांमागे साधं गणित आहे, आणि ते मांडून पाहिलं की डोळा आणि कॅमेरा नेमके कुठे वेगळे होतात ते कळतं.

ठाणे खाडीत मोठ्या संख्येने येतो तो लहान रोहित. त्याची उंची साधारण ९० सेंटिमीटर. तो बोटीपासून १०० मीटरवर चिखलात उभा आहे असं धरू. डोळ्यात भिंगापासून पडद्यापर्यंतचं अंतर हिशेबाला १७ मिलिमीटर धरतात. त्यावरून दृष्टिपटलावर उमटणारा रोहित ०.१५ मिलिमीटरचा निघतो. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यात हे अंतर साडेपाच मिलिमीटरच्या आसपास असतं. तिथे रोहित उरतो फक्त ०.०५ मिलिमीटरचा. शेजारी उभ्या असलेल्या पक्षीछायाचित्रकाराच्या ४०० मिलिमीटरच्या लेन्समागे मात्र तोच रोहित ३.६ मिलिमीटरचा होतो. ती तोफेसारखी लेन्स खांद्यावर वागवण्याचं कारण एवढंच.

पुढची गंमत मोबाइलच्या पडद्यावर घडते. मोबाइलचा कॅमेरा एका दमात जवळपास ७० अंशांचा पट्टा टिपतो: खाडी, कांदळवन, आकाश, पलीकडच्या इमारती, सगळं. हा पट्टा आपण हातात धरलेल्या, १५ सेंटिमीटर लांबीच्या पडद्यावर बघतो, तेव्हा तो नजरेचे जेमतेम २५ अंश व्यापतो. सगळं दृश्य आक्रसतं आणि रोहित प्रत्यक्षात दिसला त्याच्या एक तृतीयांश होतो. बोटांनी फोटो ताणला तर आकार परत येतो, तपशील येत नाही. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत त्या पक्ष्याच्या उंचीला पंचवीसेक पिक्सेलच मिळालेले असतात. डोळ्याच्या मध्यभागी शंकुपेशी सुमारे अडीच सहस्रांश मिलिमीटर अंतराने दाटलेल्या असतात, त्यामुळे तिथे त्याच उंचीला साठेक पेशी लाभतात.

प्रतिमा पडेपर्यंत डोळा आणि कॅमेरा एकाच वाटेने जातात. दोन्हीकडे भिंगातून आलेला प्रकाश पडद्यावर उलटं चित्र काढतो. केप्लरने १६०४ साली हे डोळ्याबाबत मांडलं. १६३७ साली देकार्तने मेलेल्या बैलाच्या डोळ्याची मागची बाजू सोलून तिथे उमटणारं चित्र कसं बघता येतं, याचं वर्णन केलं. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते: प्रकाश वळवण्याचं सुमारे दोन तृतीयांश काम डोळ्यातलं भिंग करतच नाही, ते पुढचं पारदर्शक पारपटल करतं. आतलं भिंग फुगून किंवा चपटं होऊन जवळ-लांबचा मेळ घालतं. कॅमेऱ्यात काच आकार बदलत नाही, ती मागेपुढे सरकते.

खरा फरक पडद्यापासून सुरू होतो. सेन्सरवर पिक्सेल सगळीकडे सारखेच दाट. दृष्टिपटलावर तसं नाही. स्वच्छ दिसतं ते मधल्या इवल्याशा खळग्यात, म्हणजे हात लांब केल्यावर अंगठ्याचं नख जेवढी जागा झाकतं साधारण तेवढ्याच भागात. बाकीचं सगळं धूसर. तरीही पूर्ण खाडी स्वच्छ दिसते असं वाटतं, कारण डोळा सेकंदाला तीनेक उड्या मारत या पक्ष्यावरून त्या पक्ष्यावर जातो आणि मेंदू ते तुकडे जोडत राहतो. उडी चालू असतानाचं फरफटलेलं चित्र मेंदू आपल्यापर्यंत पोहोचूच देत नाही. बारा कोटींच्या वर प्रकाशपेशींचा माल दहा-बारा लाख तंतूंच्या नसेतून पुढे जातो, म्हणजे गाळणी दृष्टिपटलातच बसलेली आहे. डोळा फोटो काढत नाही. तो शोधतो, आणि मन जिथे गुंतलं तिथलंच बारकाईने आणतो. म्हणून रोहित 'मोठा' दिसला होता.

बोट हलते तेव्हा मला या यंत्रणेचं सर्वांत जास्त कौतुक वाटतं. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याची हालचाल टिपतात आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास डोळे उलट्या दिशेला फिरतात. लाटेवर बसूनही पक्षी स्थिर राहतो. मोबाइलमधला जायरोस्कोप आणि सरकणारी लेन्स आज हेच काम करू बघतात.

आणि तो गुलाबी रंग? तो शेवाळातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांतून पिसांत उतरलेला असतो. बहुतेक सेन्सरवर एका पिक्सेलला लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग कळतो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. कोडॅकच्या ब्राइस बायर यांना १९७६ साली पेटंट मिळालेल्या या मांडणीत निम्मे पिक्सेल हिरव्याचे असतात. संध्याकाळचा तांबूस उजेड पडला की कॅमेऱ्यापुढे पेच उभा राहतो: ही लाली पिसांची की उन्हाची? त्याने उन्हाची लाली काढून टाकली, तर पक्ष्याचा गुलाबीही थोडा धुपतो. मेंदू हाच हिशेब आजूबाजूचा चिखल, पाणी, बोटीची पांढरी कड बघून सतत करत असतो आणि बहुतेकदा बरोबर करतो.

ठाणे खाडीतलं हे रोहित पक्ष्यांचं अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ साली खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. हिवाळा सरताना इथे जायचं असेल तर मोबाइलबरोबर ८ बाय ४२ ची दुर्बीण घ्यावी. आठपट मोठा झालेला रोहित दृष्टिपटलावर १.२ मिलिमीटरचा होतो आणि तो स्वच्छ दिसणारा मधला भाग पुरता भरून टाकतो. मग थव्यातला मोठा रोहितही वेगळा काढता येतो: त्याची चोच गुलाबी आणि टोकाला काळी, तर लहान रोहितची गडद तांबडी, जवळपास काळीच.