कामाचा ताण : मदत कुठे, हक्क कोणते?

मानसरोवर किंवा खांदेश्वरहून रोज लोकल पकडणाऱ्या कामोठेकरांनी हे जवळ ठेवावे.

● फोनवर : १४४१६. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा (सुरुवात १० ऑक्टोबर २०२२). मोफत, चोवीस तास, मराठीतूनही.

● घराजवळ : कामोठ्याच्या एमजीएम रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. थोडे लांब, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्य संस्था आहे.

● विमा : मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ (कलम २१) सांगतो, की शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांच्या उपचारांनाही विमा मिळावा. कंपनीच्या पॉलिसीतील अटी एचआरकडून समजून घ्या.

● गोपनीयता : कलम २३ नुसार उपचारांची माहिती गुप्त राखणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. कायद्यातील मोजके अपवाद सोडले, तर तुमच्या संमतीशिवाय ती साहेबांपर्यंत जाऊ शकत नाही.

● कंपन्यांसाठी : नैराश्य आणि चिंताविकारांमुळे जगात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस बुडतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. कामाचा बोजा आवरा, व्यवस्थापकांना प्रशिक्षण द्या, असे तिची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. वर्षातून एक योगशिबिर घेऊन ही जबाबदारी संपत नाही.

झोप उडाली, कामावर जाण्याची धास्ती वाटू लागली आणि हे दोन आठवडे टिकले, तर अंगावर काढू नका.