चढावर काय घडते?

मुलांनो, पुण्यातील बिबवेवाडीचा वरचा भाग टेकडीच्या उतारावर वसला आहे. लोक त्याला 'अप्पर' म्हणतात. पाठीवर दप्तर घेऊन तो चढ चढलात, तर दम लागतो, छाती धडधडते आणि घाम येतो. असे का होते?

चालताना पायांचे स्नायू हाडांना ओढतात. चढावर त्यांचे काम वाढते. त्यासाठी त्यांना साखर व ऑक्सिजन जास्त लागतो. साखर अन्नातून मिळते. ती पचनसंस्था पुरवते. ऑक्सिजन फुप्फुसे हवेतून घेतात. दोन्ही वस्तू पायांपर्यंत पोचवण्याचे काम रक्ताचे. म्हणून मेंदूच्या हुकमाने श्वास वाढतो आणि हृदय भरभर चालते. अंग तापले की घाम येतो व ते थंड होते. चालतात पाय, पण राबते सारे शरीर!

हे समजायला माणसाला शतके लागली. हृदयाच्या उजव्या बाजूचे रक्त फुप्फुसांतून डाव्या बाजूला येते, हे सुमारे १२४२ साली हकीम इब्न अन-नफीस यांनी लिहून ठेवले. रक्त शरीरभर फिरून पुन्हा हृदयाकडे येते, हे इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी १६२८ साली दाखवून दिले.

तुम्हीही एक प्रयोग करा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवा. तेथे नाडी, म्हणजेच नब्ज, लागेल. शांत बसून एक मिनिट ठोके मोजा. मग जिना चढा आणि लगेच पुन्हा मोजा. ठोके वाढलेले दिसतील. थोड्या विश्रांतीने ते पूर्ववत होतील.

पण एखादी मैत्रीण थोड्याशा चढानेही रोज धापा टाकत असेल, तर? तिला आळशी म्हणू नका. रक्तातील तांबड्या पेशी ऑक्सिजन वाहून नेतात. शरीरात लोह कमी पडले, की हे काम नीट होत नाही. मग पाय धड असूनही थकतात. या आजाराला रक्तक्षय म्हणतात. वाढत्या वयाच्या मुलींना तो पुष्कळदा होतो. रक्त तपासले की तो कळतो आणि औषधाने बरा होतो. पालेभाज्या, कडधान्ये, मांस यांतून लोह मिळते. जेवणात लिंबू पिळावे. जेवणाबरोबर चहा मात्र टाळावा.

चढावर कोणी मागे राहिले, तर हसू नका. थांबा, हात द्या आणि घरच्यांना सांगून त्याला दवाखान्यात जायला सांगा.